उद्योजकता व लघुउद्योग व्यवस्थापन पदविका : एका मसालेवालीचा अभिप्राय

सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात सायंकाळच्या सत्रात चालणारी ‘उद्योजकता व लघुउद्योग व्यवस्थापन’ ही एक वर्षाची पदविका मी २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात पूर्ण केली. महाविद्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या एका इमारतीपुरत्या नाहीत, असे इतरत्र हाच विषय शिकलेल्या ओळखीच्यांशी बोलल्यावर माझे मत झाले आहे. वर्षाचे शुल्क ९,५०० रुपये होते आणि ते दोन हप्त्यांत भरता येत होते. सोमवार ते शुक्रवार साडेपाच ते साडेसात या वेळेत तास होत. विषय सहा होते आणि शेवटी एक प्रकल्प अहवाल सादर करावा लागत असे. मी प्रवेश घेतला तेव्हा घरच्या घरी कांदा-लसूण मसाला करून विकायला लागून मला चार वर्षे झाली होती. ही गोष्ट आधीच सांगते, कारण माझे बरेवाईट मत त्यावरच उभे आहे.

वर्गात दोन तऱ्हेची मंडळी होती. बारावी किंवा पदवी झालेली, नोकरीची जाहिरात निघेपर्यंत काहीतरी करायचे म्हणून आलेली मुले निम्म्याहून अधिक होती. उरलेल्यांत खारी-टोस्ट पोहोचवणारा एक तरुण, मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालवणारे एक गृहस्थ, एक शिवणकाम करणाऱ्या बाई आणि मी, असे आधीच बाजारात हात पोळलेले लोक होते. पहिल्या गटाला तास कंटाळवाणे वाटत आणि दुसऱ्या गटाला ते अपुरे वाटत. शिक्षकांनी कोणाकडे पाहून शिकवावे हा प्रश्न वर्षभर सुटला नाही. जुलैत अडतीस जण होतो, परीक्षेला एकवीस बसलो.

आता ज्या विषयाने माझे शुल्क वसूल झाले त्याकडे वळते. त्याचे कागदोपत्री नाव ‘परिव्यय लेखांकन’ असले तरी वर्गात सगळे त्याला कॉस्टिंगच म्हणत. शिकवणारे सर पहिल्या दोन तासांत स्थिर खर्च, बदलता खर्च आणि ना नफा ना तोटा बिंदू फळ्यावर मांडून मोकळे झाले. तिसऱ्या तासाला त्यांनी ज्यांचा धंदा आहे त्यांना आपापला हिशेब आणायला सांगितले. मी वहीचे पान घेऊन गेले. १० किलो मसाल्याला मिरची, खोबरे, कांदा, लसूण, गरम मसाला आणि तेल मिळून कच्चा माल ३,९०० रुपये, कांडपाचे २५०, पिशव्या व लेबलचे २००, असा एकूण खर्च ४,३५० रुपये होता. ५२० रुपये किलोने विक्री ५,२०० रुपयांची, म्हणजे नफा ८५० रुपये. हे पान मी जरा अभिमानानेच पुढे केले होते, हे कबूल करायला हवे.

सरांनी विचारले, “घट किती धरली?” मी घट धरलीच नव्हती. मिरचीचे देठ, भाजताना उडणारा ओलावा, गिरणीच्या तोंडाशी उडणारी आणि डब्याला चिकटून राहणारी पूड हे सगळे मला ठाऊक होते, पण ते वजन आहे आणि त्या वजनाला पैसे पडलेले आहेत असा विचार कधी केला नव्हता. सरांच्या सांगण्यावरून पुढच्या खेपेला आधी आणि नंतर असे दोनदा वजन केले, तेव्हा १० किलोमागे ९०० ग्रॅम कमी भरले. म्हणजे विकण्याजोगा माल ९.१ किलो, विक्री ४,७३२ रुपये आणि नफा ३८२ रुपये. मग त्यांनी गॅस विचारला. खेपेला गॅस साधारण १६० रुपयांचा जात होता, तो वजा जाता २२२ रुपये उरले. त्यानंतर त्यांनी विचारले की हे काम कोण करते आणि किती दिवस करते. मी आणि सासूबाई, दोघी दोन दिवस, असे मी सांगितले. २२२ भागिले चार हे त्यांनी फळ्यावर लिहिले नाही, मलाच वहीत करायला लावले. एका बाईच्या एका दिवसाला ५५ रुपये ५० पैसे पडत होते. त्या वर्षी आमच्या गावात भांगलणीला, म्हणजे शेतातले तण काढायला, बाईला २५० रुपये रोज होता. घरी जाऊन सासूबाईंना हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग भांगलायलाच जाऊया की.”

चार वर्षे मी धंदा करत नव्हते, गिऱ्हाइकाला स्वस्त मसाला मिळावा म्हणून दोन बायकांचे कष्ट फुकट घालत होते. ही गोष्ट कोणी व्याख्यानात सांगितली असती तर मी मान डोलावून विसरले असते, ती माझ्याच आकड्यांतून माझ्याच हाताने निघाल्यामुळे अंगाला लागली. पुढच्या हंगामात मी दर ६४० केला, देठ काढलेली मिरची घेणे परवडते का ते तपासले आणि शंभर ग्रॅमच्या पुड्या बंद केल्या, कारण पिशवी आणि लेबलचा खर्च त्यांत सर्वांत जास्त बसत होता. काही गिऱ्हाइके तुटली, आणि ती का तुटली हेही आता मला कळते.

याच सरांनी खेळते भांडवल शिकवले तेही वहीच्या चौकटीच्या कागदावर. पुस्तकात खेळत्या भांडवलाचे चक्र कारखान्याचे उदाहरण घेऊन दिलेले आहे, त्यात कच्चा माल येतो, अर्धवट तयार होतो, पक्का होतो आणि उधारीवर जाऊन रोख बनून परततो. मसाल्याच्या धंद्याला हे चक्र वर्षातून जवळजवळ एकदाच फिरते. नवी ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची बाजारात येते तेव्हा ती घेतली नाही तर पुढे दर चढतो, आणि घेतली तर घरातला सगळा पैसा पोत्यांत जाऊन बसतो. सरांनी बारा महिन्यांची बारा घरे आखून प्रत्येक घरात जाणारा आणि येणारा पैसा लिहायला लावला. माझ्या कागदावर मे महिन्याच्या घरात उणे १,१०,००० रुपये निघाले. दरवर्षी उन्हाळ्यात मी सोसायटी, भाऊ आणि भिशी अशा तीन ठिकाणी हात पसरत होते त्याचे हे कारण होते, आणि तोवर मी त्याला नशीब समजत होते.

या दोन गोष्टींसाठी शिक्षकांना पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. बाकीच्या अभ्यासक्रमाबद्दल मात्र इतके उदार होता येत नाही.

‘उद्योजकता विकास’ या विषयाचा आरंभ उद्योजकाच्या गुणांच्या यादीने होतो आणि बहुतांशी तिथेच शेवटही होतो. चिकाटी, आत्मविश्वास, धोका पत्करण्याची तयारी, दूरदृष्टी असे बारा गुण परीक्षेत लिहिले की बारा गुण मिळतात. या विषयात एकच तास जिवंत झाला, तो रिंग फेकण्याच्या खेळाचा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी १९६०च्या दशकात आंध्रातील काकीनाडा येथील लहान व्यावसायिकांना सिद्धिप्रेरणेचे, म्हणजे काही साध्य करून दाखवण्याच्या ओढीचे, प्रशिक्षण देण्याचा प्रयोग केला होता, आणि त्यांच्या विचारावर बेतलेला हा खेळ आपल्याकडच्या उद्योजकता प्रशिक्षणांत आजही खेळवला जातो. जमिनीवर खुंटी ठेवायची आणि किती अंतरावरून रिंग टाकायची ते ज्याचे त्याने ठरवायचे. अगदी जवळ उभा राहणारा भित्रा, फार लांब उभा राहणारा जुगारी आणि बेताच्या अंतरावरचा उद्योजक, असा त्याचा ठोकळ अर्थ सांगितला जातो. आमच्या वर्गातला खारी-टोस्टवाला तरुण खुंटीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. शिकवणाऱ्या बाईंनी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला की त्याच्या गाडीचा हप्ता दहा तारखेला जातो आणि नेम चुकवणे त्याला परवडत नाही. बाई हसल्या आणि त्याला ‘कमी प्रेरणा’ या रकान्यात टाकून पुढे गेल्या. मला वाटते की वर्षभरातील सर्वांत महत्त्वाची चर्चा त्या क्षणी सुरू व्हायला हवी होती. धोका पत्करण्याची तयारी हा स्वभावाचा गुण किती आणि खांद्यावरच्या ओझ्याचा परिणाम किती, हा प्रश्न लहान धंद्याच्या मुळाशी आहे.

यशोगाथांच्या प्रकरणाचेही असेच झाले. लिज्जतच्या सात महिला आणि त्यांनी १९५९ मध्ये उसने घेतलेले ८० रुपये इतक्या वेळा ऐकावे लागले की ते ८० रुपये आम्हीच दिले होते असे वाटू लागले. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट तर आमच्या जिल्ह्याचीच आहे. मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेतली नोकरी सोडून बेळगावात सायकलचे दुकान, मग लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील ओसाड माळावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी, हा प्रवास पुस्तकात दीड पानात उरकलेला आहे. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे सुरुवातीला नांगर खपत नव्हते, हे त्यात एका वाक्यात येते आणि पुढच्याच वाक्यात कारखाना वाढलेला असतो. नांगर खपत नव्हते त्या काळात घर कशावर चालले, लोखंडाचे पैसे कोणी थांबवून धरले आणि शेतकऱ्याचे मन नेमके कशाने पालटले, हे विद्यार्थ्याला हवे असते. आमच्या वर्गातील धंदेवाल्यांपैकी निम्मे लोक त्याच एका वाक्यात अडकलेले होते.

कायद्याच्या विषयात एक गंमत झाली, ती सांगण्यासारखी आहे. नेमलेल्या पुस्तकात सूक्ष्म उद्योगाची व्याख्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यातील मूळची होती, म्हणजे यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २५ लाखांपर्यंत. वर्गात मॅडमनी २०२० पासूनची व्याख्या लिहून दिली, तीत गुंतवणूक १ कोटी आणि उलाढाल ५ कोटींपर्यंत होती. आमची परीक्षा मे २०२५ मध्ये झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून सरकारने मर्यादा वाढवून गुंतवणूक अडीच कोटी व उलाढाल १० कोटी केली होती. परीक्षेत व्याख्या विचारली गेली. तिन्ही उत्तरांना गुण मिळाले असे नंतर समजले. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ते बरेच झाले, पण ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करताना पोर्टल इतके दयाळू नसते.

याच मॅडमनी घेतलेला लेबल वाचनाचा तास मात्र उत्तम होता. प्रत्येकाने घरातून एक पुडा आणायचा आणि त्यावर काय आहे, काय नाही ते सांगायचे. निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, पॅकिंगचा दिनांक, घटक, उत्पादकाचा पत्ता, अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक अशी तपासणी सुरू झाली, आणि माझ्या स्वतःच्या मसाल्याच्या पुड्यावर खेप क्रमांक नाही हे मोटार रिवाइंडिंगवाल्या काकांनी शोधून काढले. आमच्या वर्षी १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या खाद्यव्यावसायिकाला वर्षाला १०० रुपये शुल्कात साधी नोंदणी पुरत होती, आणि तरीही वर्गातील घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्या तिघींपैकी दोघींकडे ती नव्हती. त्या आठवड्यात दोघींनीही अर्ज केले. वस्तू व सेवा कराचा भाग दोन तासांत आटोपला, आणि ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या आमच्यासारख्यांना त्याची फारशी गरजही नव्हती.

उधारीच्या प्रश्नावर मात्र अभ्यासक्रम तोंडघशी पडतो. कायदा चांगला आहे आणि तो नीट समजावून सांगितला गेला. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने पुरवलेल्या मालाचे पैसे, लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकते करावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून असे थकवलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला ते आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. हे सगळे मी लिहून घेतले. पण माझा माल सतरा किराणा दुकानांत जातो, आणि त्यांतला एकही दुकानदार माझ्याकडून माल विकत घेतो असे मुळात समजतच नाही. “ठेवून जा, संपलं की देतो,” हा त्याचा करार. त्याच्याविरुद्ध सरकारी पोर्टलवर तक्रार करणे म्हणजे त्याच्या दुकानातली माझ्या मालाची फळी कायमची गमावणे होय. यावर काय करावे, असे विचारल्यावर मिळालेले उत्तर ‘ग्राहकसंबंध जपावेत’ असे होते. उपयोगी उत्तर मला वाहनतळावर त्या खारी-टोस्टवाल्याने दिले. पहिली खेप उधारीवर टाकायची, दुसरी खेप पहिलीचे पैसे हातात आल्यावरच गाडीतून उतरवायची, आणि नेमका दुकानात गर्दीचा वेळ निवडायचा, कारण गिऱ्हाइकासमोर दुकानदार “पुढच्या बुधवारी ये” म्हणायला संकोचतो. विपणनाच्या साठ तासांत असे एक वाक्यही आले नाही. तिथे आम्ही विपणनाचे चार घटक पाठ केले आणि एका शीतपेयाच्या जाहिरातीचे विश्लेषण केले.

उद्योग भेटीबद्दल थोडक्यात सांगते. एका मोठ्या दूध प्रकल्पात नेले, टोप्या घालून यंत्रे दाखवली, सुगंधी दूध दिले आणि परत आणले. दहा माणसांच्या एखाद्या कारखान्यात नेऊन त्याच्या मालकाशी तासभर बोलता आले असते तर खर्चही वाचला असता.

शेवटचा भाग प्रकल्प अहवालाचा, आणि त्याला सर्वाधिक गुण आहेत. मार्गदर्शनासाठी बँकेतून निवृत्त झालेले एक अधिकारी चार शनिवार आले. त्यांच्यामुळे पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमाची योजना पहिल्यांदा नीट कळली. मी आठ लाखांचा प्रकल्प मांडला होता. ग्रामीण भागातील महिला म्हणून स्वतःचा वाटा ५ टक्के, म्हणजे ४०,००० रुपये, आणि अनुदान ३५ टक्के, म्हणजे २,८०,००० रुपये. हे अनुदान हातात मिळत नाही, ते तीन वर्षे बँकेत मुदत ठेवीच्या रूपात अडकून राहते, त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही, हे त्यांनी फळ्यावर आकडे मांडून दाखवले. अनुदान आले की कढई घेऊ, असे म्हणणाऱ्या तिघांचे बेत तिथेच बदलले.

मात्र अहवाल तपासण्याची पद्धत बघून मन खट्टू झाले. कर्जफेडीच्या क्षमतेचे गुणोत्तर, म्हणजे कमाई कर्जाच्या हप्त्यांच्या किती पट आहे तो आकडा, दीडच्या वर दिसले पाहिजे असा दंडक होता, म्हणून बहुतेकांनी आधी दीड धरले आणि मग ते येईल इतकी विक्री मागे मागे जाऊन लिहिली. सगळ्यांची विक्री दरवर्षी वीस टक्क्यांनी वाढत होती. साहेबांनीच शेवटच्या शनिवारी एकवीस अहवाल चाळून म्हटले की तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हजारो अहवाल पाहिले, पण तोट्याचा महिना लिहिलेला अहवाल एकही पाहिला नाही. मी माझ्या अहवालात मे महिन्याचे उणे १,१०,००० तसेच ठेवले होते. अंतर्गत परीक्षकांनी त्याभोवती लाल गोल करून ‘पुन्हा तपासा’ असा शेरा मारला आणि दोन गुण कापले. साहेबांनी तो गोल पाहिला, काही बोलले नाहीत, फक्त ते खेळत्या भांडवलाचे कर्ज म्हणून कसे मागायचे ते शेजारी पेन्सिलीने लिहून दिले. परीक्षेतले ते दोन गुण अजून सलतात, हे लपवत नाही.

प्रवेश घ्यावा का, या प्रश्नाचे माझे उत्तर माणसागणिक वेगळे आहे. ज्यांना मुळात एखादे काम शिकायचे आहे, शिवण, बेकरी, दुचाकी दुरुस्ती असे काही, त्यांनी या पदविकेत वर्ष घालवू नये. जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, ज्यांना सगळे आरसेटी म्हणतात, तिथे ग्रामीण तरुणांना निवासी प्रशिक्षण विनाशुल्क मिळते. थोडक्या दिवसांत योजनांची व कागदपत्रांची माहिती हवी असेल तर १९८८ पासून काम करणाऱ्या महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे अल्प मुदतीचे कार्यक्रम पाहावेत. बारावीनंतर लगेच, धंदा नसताना, ही पदविका केली तर ती गुणांची यादी पाठ करण्यातच संपेल अशी मला भीती वाटते. धंदा निदान एक हंगाम चालवून झाला असेल आणि पैसा कुठे जातो हे कळत नसेल, तर मात्र ९,५०० रुपये आणि वर्षभराच्या संध्याकाळी घालवाव्यात. मी पाचपैकी साडेतीन तारे देते, आणि त्यांपैकी दोन एकट्या कॉस्टिंगचे आहेत.

प्रवेश अर्ज जूनच्या शेवटी मिळू लागतात. अर्ज भरण्यापूर्वी कार्यालयात जाऊन यंदा परिव्यय कोण शिकवणार हे विचारावे, कारण तासिका तत्त्वावरचे शिक्षक दरवर्षी बदलतात. मागच्या वर्षीचे दोन-तीन प्रकल्प अहवालही वाचायला मागावेत, ग्रंथालयात ते ठेवलेले असतात. त्यांत उणे आकडा असलेला एखादा महिना सापडतो का आणि त्याभोवती लाल गोल आहे का, ते पाहून मग पहिला हप्ता भरावा.